आधी हे वाचा

रात्रीचे पावणेदोन. यार्डात मालगाडीचे डबे जोडतायत,
प्रत्येक धक्क्याला टेबलावरची बशी किणकिणते.
रावेर ते भुसावळ रस्ता झाला एकदाचा :
सावदा, फैजपूर, बामणोद, तापीचा पूल,
केळीचे ट्रक, कुत्री दहा, म्हशी चार.
खेळ परदेशी कंपनीचा, रस्ता आमचा.
आता सगळं एका फाइलीत बांधायचं
आणि सोबत ही चिठ्ठी,
जी कुणी उघडत नाही.

लिहितो :
जुना खेळ आधी दुसरीकडे जपून ठेवा.
फोल्डरचं नाव बदलू नका.
बामणोदच्या पुढच्या वळणावर ट्रक वीतभर रस्त्यात रुततो.
तीन आठवडे शोधलं, का ते सापडलं नाही. हळू चालवा.

मग नावं.

हॉर्न : उखर्डू धनगर, पारोळा.
ढाब्यावर मोबाइल धरून तीनदा वाजवायला लावला,
तिसऱ्यांदा शेवभाजीवरची माणसं उठून ओरडली.
तो म्हणाला, ‘मनं नाव टाकजो भाऊ, गाडीनंबी टाकजो.’
गाडी : मायनी पुण्याई.

चाकं : ‘टुंड्रा ४१’. खरं नाव, देश, काही माहीत नाही.
त्यानं लिहून ठेवलं होतं : वापरा, फक्त नाव राहू द्या.
आठ वर्षांत माझ्या एकाही पत्राला उत्तर नाही.
नाव राहू दिलंय.

सावद्याची पाटी : गुलाब पेंटर.
खालच्या कोपऱ्यात त्याची सही आहे, तांदळाएवढी.
फोटो लहान केला की तीच आधी जायची.
मोठाच ठेवला. चार एमबी वाढले,
वाढू देत.

गेल्या उन्हाळ्यात माझाच पूल
माझ्याकडे आला दुसऱ्याच्या फाइलीतून.
तिसऱ्या खांबाला माझ्या हातून चुकून पडलेली चीर
जशीच्या तशी. खाली नाव भलतंच.
अर्षद तडवी म्हणाला, ‘चांगला होता म्हणून तर नेला ना?’
त्या दिवशी मी जेवलो नाही, असं आई सांगते.
जेवलो होतो. भरीत होतं.
पण त्या चिरेपाशी ट्रक उभा करून
बसलो होतो बराच वेळ, इंजिन चालू ठेवून.

म्हणून आज माझ्याही फाइली एकेक उलगडल्या.
तर कावळा निघाला.
पहाटे, केळीच्या बागेत, दोनदा ओरडणारा.
फोल्डरचं नाव ‘नवीन ३’,
तारीख माझ्या बारावीच्या परीक्षेतली.
कुणी, कुठल्या देशातल्या कुठल्या झाडाखाली
श्वास धरून टिपला असेल,
मी उचलला आणि पेपरला गेलो.

काढून पाहिला. बाग मुकी.
परत ठेवला. आता तो ओरडला की
मीच दचकतो.

कावळा : ठाऊक नाही. तुमचा असेल तर कळवा.
चूक माझी.

एवढ्यानं भागेना.
पाच वाजता गच्चीवर चतकोर भाकरी ठेवली,
फोन चालू करून टाकीमागे बसलो.
दोघं आले.
भाकरी नेली.
बोलले नाहीत.