सवलतीचा दर

अर्जाचा नमुना झेरॉक्सची झेरॉक्स आहे.
'नाट्यगृह' मधलं 'नाट्य'
कुठल्यातरी साली काचेवरच्या डागाखाली गेलं,
तेव्हापासून आम्ही नुसतं 'गृह' मागतो.

नगर परिषद, सेलू. खिडकी तीन.
जन्म-मृत्यूच्या दाखल्यांची रांग तीच आमची.
मी खजिनदार, म्हणजे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात
दोन हजार सातशे चाळीस
आणि सोजरनं दिलेली टेप लावलेली शंभराची नोट,
जी कुणीच घेत नाही.
बाकीचे मैनोद्दीन देणार, शुक्रवारचा बाजार झाल्यावर.

खिल्लारे चष्मा कपाळावर सरकवतात.
"करमणूक का सांस्कृतिक?
करमणूक असंल तर नऊ हजार.
सांस्कृतिक असंल तर साडेतीन."
सांस्कृतिक, मी म्हणते.
"हसू येतं का नाटकात?"

आता काय सांगावं.
दुसऱ्या अंकात मैनोद्दीन धार काढतो, म्हैस नसताना,
आणि ती नसलेली म्हैस त्याला लाथ मारते.
तालमीत आजवर एकदाही
हा प्रवेश आम्ही धड पुरा केलेला नाही.
"नाही," मी म्हणते. "गंभीर आहे."
शिक्का पडला.

सवलतीत काय येत नाही ते मागच्या बाजूला छापलंय.
कूलर नाही. जनरेटर चालवाल तर डिझेल तुमचं.
झाडू घरून आणायचा.
लग्नाची मागणी आली तर तारीख लग्नाची.
परवाच्या साली अशीच गेली तारीख,
आणि आमचे दोन नट त्याच हॉलमध्ये
त्याच दिवशी, मेकअपशिवाय, वरण वाढत होते.
तेव्हापासून आम्ही पौषात नाटक करतो.
पौषात कुणी लग्न करत नाही.
थंडीनं ओठ फुटतात, संवाद जरा चिरकतात,
पण हॉल मिळतो.

आठ-चाळीसला मागून गाडी जाते, भिंत थरथरते.
म्हणून व्यंकटनं संहितेतच लिहून ठेवलंय:
इथे गाडी. नायिका विचार करते.
गाडीला उशीर असला
की सोजर बिचारी विचार करतच राहते,
आणि लोक म्हणतात, काय अभिनय आहे!

त्रेसष्ट माणसं आली. वीस आमच्याच घरची.
शेवटच्या रांगेत मफलर गुंडाळून खिल्लारे,
मांडीवर पावतीपुस्तक.
मी विंगेत, पानावर बोट ठेवून, आणि मनात:
मैनोद्दीन, आज जरा कमी लाथ खा रे बाबा.

त्यानं दोन जास्त खाल्ल्या.

आधी मागून एक उचकी आल्यासारखं झालं.
मग खोकला. मग मफलर तोंडात.
मग साहेब असे हसले
की पुढच्या रांगेतलं लेकरू
नाटक सोडून त्यांच्याकडंच बघत बसलं.
माझ्या हातून पानं सुटली,
पुढचं अर्धं नाटक लोकांनी आपापलं पाठ म्हटलं.

दहा वाजले. अंगद वॉचमन विंगेत,
हात मेन स्विचवर.
"किती राह्यलं अजून?"
दीड पान.
"मंग मी बिडी वढून येतो," म्हणाला,
आणि बिडी न पेटवता
दारातूनच शेवट बघत उभा राहिला.

सकाळी खिडकी तीन. अनामत परत घ्यायची.
मी खाली बघतेय, खिल्लारे वहीत बघतायत.
शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी सावकाश लिहिलं:
प्रेक्षक गंभीर होते.
मग दीडशे कापले.
सातवी रांग, अकरावी खुर्ची, मोडली.

ही खुर्ची चार वर्षांपासून मोडलेली आहे.
दरवेळी आम्हीच मोडतो, दरवेळी दीडशे.
मी काही बोलले नाही. त्या शेऱ्यावर आणखी काय बोलणार?
घरी येऊन संस्थेच्या वहीत, जमाखर्चाच्या खाली,
मालमत्तेच्या पानावर एक ओळ वाढवली:

पडदा एक, उसवलेला.
दाढ्या दोन.
खुर्ची एक, किंमत सहाशे,
सध्या परिषदेच्या गृहात ठेवायला दिली आहे.