उंटापुढचं प्यादं

खांबावर मी कधी जुगार खेळलो नाही.
फीडर बंद झाल्याचा निरोप दोनदा ऐकायचो,
परमिटचा नंबर हातावर लिहायचो,
तारेवर साखळी टाकून ठिणगी उडत नाही हे बघायचो,
मगच हात.
एकतीस वर्षांनंतर
बोटं दहाची दहा.

म्हणूनच असेल,
खांबाडीच्या राईस मिलच्या ओट्यावर
दुसऱ्याच खेळीला मी राजाचं दार सताड उघडायचो.
उंटापुढचं प्यादं, दोन घरं.
घे.

उरकुडा नंदेश्वर घ्यायचा.
लाइट गेली की मशीनचा पट्टा उतरवून,
मिशीवरचा कोंडा पुसून बसायचा,
पांढरी सोंगटी मला देऊन टाकायचा
आणि ते प्यादं घ्यायचा, लग्नातला दुसरा लाडू घ्यावा तसं,
थोडं लाजून.
मग माझा घोडा, मग उंट.
त्याची प्यादी घोड्याच्या अंगावर धावून आली
की मी घोडा तिथंच सोडून राजाला कोपऱ्यात नेऊन बसवायचो.
"कायले मारवतेस गा रोज घोडा?
चारा नाही पुरत का त्याले?"

माझ्याकडं पुस्तक होतं.
पवनीच्या बाजारात रद्दीच्या काट्यावरून उचललेलं, आठ रुपयांना.
अकरावी खेळी: डावीकडचा हत्ती थेट त्याच्या राजासमोर.
तिथून पुढं उधई.
पानांच्या जागी मातीच्या नळ्या,
आणि काठाला शिल्लक एक आकडा, बारा.
म्हणजे हल्ला मला पाठ होता.
तो जिंकतो की नाही, ते मातीत गेलं होतं.

अठरा वर्षं बारावी खेळी मी माझ्या मनाची खेळलो.
कधी त्याचा राजा पटाच्या मधोमध उघडा सापडायचा
आणि मी असा ओरडायचो की कोंड्यावरच्या चिमण्या उडायच्या.
बहुतेकदा मात्र एक घोडा, एक उंट खाली
आणि नेमकी लाइट यायची.
तो पट्टा चढवायला उठायचा.
डाव मोडला, म्हणायचो मी.
हरलो, असं नाही म्हणायचो.

यंदा त्याचा मोतीबिंदू काढला. डोळ्यावर हिरवी पट्टी.
समोर नात बसली, श्रावस्ती, सहावीतली,
एका बुटाची लेस सुटलेली.
काळा वजीर हरवलाय, त्याच्या जागी हिरडा;
तो तिनं आधी हुंगून पाहिला.
पोरीसमोर काहीतरी साधं खेळावं, असं मी ठरवलं होतं.
हातानं नेहमीचंच केलं.

तिनं माझ्या प्याद्याकडं पाहिलं.
खूप वेळ.
मग हिरड्यापुढचं आपलंच प्यादं उचललं
आणि दोन घरं पुढं, माझ्या दुसऱ्या प्याद्याच्या तोंडाशी ठेवलं.

"माझं नाही घेत?"
"तुमीच घ्या ना आधी."

"का झालं गा?" उरकुडा पट्टीआडून विचारत होता.
काय सांगू.
हे पान उधईनंसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

घेतलं.
फुकटचं घेताना कानाच्या पाळ्या तापतात,
हे साठीला टेकताना कळलं.
माझं प्यादं ज्या घरातून उठलं
त्याच घरात तिचं येऊन उभं राहिलं,
माझा घोडा जिथं यायचा त्या घरावर डोळा ठेवून.
ज्याला मी अठरा वर्षं मरायलाच बाहेर काढत होतो
त्याला आज बाहेर यायलाच जागा नाही.

लाइट आली.
मिलमधला बल्ब लागला, धान तसंच पडून राहिलं,
पट्टा चढवायला कोणी उठेना.
श्रावस्ती खाली वाकून लेस बांधत होती.
तेवढ्यात मी खिशातला पेन काढला
आणि परमिटचा नंबर लिहायचो त्याच जागी, मनगटाच्या वर,
तिची खेळी लिहून घेतली.