विषय : गुडघा

उद्यमनगरात, लेथच्या आवाजाच्या वरच्या मजल्यावर
मगदूम साहेबांचा मेल आता माझ्याकडं आहे.
एकवीस हजार चारशे पत्रं,
आणि पासवर्ड म्हणजे त्यांच्या जुन्या राजदूतचा नंबर.

त्यांनी कप्पे केलेले. कप्प्यात कप्पे,
भांडीवाला डब्यात डबा बसवतो तसे.
'शिरोली फौंड्री'. 'शिरोली फौंड्री जुनी'.
'बँक'. 'बँक भांडण'.
'नंतर बघू', आणि त्याच्या पोटात
'नंतर बघूच'.
एकाचं नाव नुसतं 'रजा'.
उघडला. रिकामा.

तौफिक गोकुळ शिरगावहून येतो, नवा आहे, हसतो.
"मॅडम, कप्पे कोण करतंय आता?
सगळं एका ढिगात टाकायचं. शब्द मारायचा. येतंय वर."
विहिरीत पडलेली घागर गळानं काढतात, तसं.

मी स्वतः तारे लावते.
पहिल्या वर्षी सात होते.
आता आकाश झालंय,
आणि आकाशात कुणी बिल शोधत नाही.

स्टुटगार्टच्या क्रुगरना बारा वर्षांपूर्वीचाच नग हवाय,
त्याच मापाचा.
शब्द मारला, 'बेअरिंग'. तीन हजार नऊशे.
'ड्रॉइंग' मारला. त्याहून जास्त,
कारण जो तो ज्याला त्याला विचारतोय
ड्रॉइंग कुठं आहे.
'पाठवलंय' हा शब्द साहेब इंग्रजी अक्षरांत
पाच तऱ्हांनी लिहीत, घाईत सहाव्या.

तारखेनं गेले. वर्षामागून वर्ष चाळत
पुराच्या आठवड्यात पोचले. तिथं एकच पत्र :
पाणी हायवेवर आलंय. ट्रक शिरोलीत थांबलाय.
माणसं बरी आहेत.
पुढं सहा दिवस काही नाही.
चहा निवला, तरी मी तिथंच.

शेवटी रुकडीला फोन लावला.
साहेबांनी विचारसुद्धा केला नाही.
"गुडघ्यात बघ की."

"कुठं?"

"हिचं ऑपरेशन झालं तवा क्रुगरनं विचारलेलं, कशी आहे म्हणून.
मी उत्तर दिलं. त्यानं त्यालाच उत्तर दिलं.
मग तेच चालू राहिलं, चार वर्षं."

शब्द मारला.
एकाच दोऱ्यात एकशे बारा पत्रं.
पहिल्यात वाटी बदलली. तिसऱ्यात टाके काढले.
नवव्यात ती जिना चढली, अकरा पायऱ्या, मोजून.
दहाव्यात, काहीएक प्रस्तावना न करता,
त्रेचाळीस मिलिमीटर, वरखाली दोन शतांश,
सोबत ड्रॉइंग.
चाळिसाव्यात बिडाची दरवाढ, आणि शेवटी क्रुगर :
आता त्या जमिनीवर बसतात का?
साहेब : नाही. पाट उंच करून घेतलाय.

तौफिकनं ड्रॉइंग खाली नेलं.
जाताना म्हणाला, आता तरी नीट नाव द्या त्याला.
मीही कर्सर तिथंच ठेवला होता.

तेवढ्यात रुकडीचा फोन.
"घावलं?"
"घावलं."
"मग ठेव परत तिथंच. दुसरीकडं ठेवलंस तर
मला सांगता यायचं नाही."

बोलताना त्यांच्या मागं
कुणीतरी जिना उतरत होतं,
प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.