पिवळा दिवा

आयली कांगासने पहिल्याच दिवशी बजावलं:
दिवा लागला की आधी हात खिशात घालायचे.
मग स्वतःला विचारायचं,
कोणाला कोणाचं ऐकू येत नाहीये?

हॅनकॉकचं टेलिफोन एक्स्चेंज, जानेवारी,
खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ.
तांब्याच्या खाणी तिच्या वडिलांच्या डोळ्यांदेखत मिटल्या,
उरल्या त्या तांब्याच्या तारा.
एका जोडीवरून बोलायचं, दुसरीवरून ऐकायचं.
चोवीस संभाषणं एकाच वेळी,
बारीक कापून पत्त्यांसारखी पिसलेली,
आणि पलीकडे ज्याचं पान त्याला.

लाल म्हणजे, ती म्हणाली, मला काही ऐकू येत नाही.
पण यंत्र दोन-अडीच सेकंद थांबतं आधी.
जराशा खरखरीला लाल व्हायला
ते काय माणूस आहे?

निळा मधल्याचा.
वाटेतल्या कुणाला मागून काही येईनासं झालं
की तो पुढे नुसते एक पाठवत राहतो,
एक एक एक एक, मध्ये शून्य नाही, श्वास नाही.
कसंही विचारा, "बरंय, बरंय."
बातमी काहीच नाही त्यात.
एवढंच, की मी जिवंत आहे,
बिघाड माझ्या मागे आहे, इथे खणू नका.

आणि पिवळा?
तिने थर्मासचं झाकण घट्ट केलं. ते घट्टच होतं.
पिवळा म्हणजे पलीकडे लाल लागलाय
आणि तो ते तुला कळवतोय.
तुझे कान शाबूत आहेत.
त्याचं सगळं पोहोचतंय तुझ्यापर्यंत,
पण तो म्हणतोय एवढंच: तू पोहोचत नाहीयेस.
नवखे इथेच फसतात,
रात्रभर आपलं ऐकणं तपासत बसतात.

दुसऱ्या टोकाला, ऑन्टनॅगनला, ओन्नी होता.
तिचा भाऊ. हे मला तिने नाही,
ट्रक चालवणाऱ्या टॉर्स्टीने सांगितलं.
तळ्याकाठची सौना ओन्नीने शिकागोच्या एका दंतवैद्याला विकली
त्याला अकरा वर्षं झाली.
दर नाताळला वहिनीचं कार्ड येतं:
सगळं ठीक. सगळं ठीक.
माझ्या मनात निळा आला. मी गप्प.

त्या रात्री तीन दहाला पिवळा लागला.
तिने कामाच्या राखीव जोडीवर फोन लावला.
"काय दिसतंय?"
"लाल."
"माझ्याकडे पिवळा."
"म्हणजे तुझ्याकडून येणारी जोडी."
"हं."
अकरा वर्षांत बहीणभावाचं बोलणं ते हेच,
लॉगबुकात नोंदवण्याजोगं.

विसाव्या मैलाच्या पुढे, खांबावर,
साळिंदराने केबल कुरतडली होती,
मिठाच्या लोभाने म्हणतात.
मी हातमोजे दातांनी काढून
एकेक तार जुळवली, बोटं कुणा दुसऱ्याची असल्यासारखी,
आणि राखीव जोडीला चिमटे लावून कानाशी धरलं.
दोघंही लाइनवर होते.

लाल लगेच विझत नाही.
दहा-पंधरा सेकंद सलग नीट ऐकू आलं
तरच त्याचा विश्वास बसतो.
ओन्नी मोजत होता, हळू, फिनिशमध्ये,
युक्सी, काक्सी, कोल्मे,
आणि चारच्या आसपास कुठेतरी
तीही मोजू लागली.
तेराला तो थांबला.
"विझला."
"इथलाही."
मी फोन ठेवल्याचा खट् ऐकायला थांबलो.
तो आला नाही.
मग मीच चिमटे काढून घेतले.

पुढचं मला माहीत नाही.
सकाळी लॉगबुकात तिच्या तिरप्या अक्षरात होतं:
पिवळा, ३.१० ते ५.४२. कारण: साळिंदर.
आणि राखीव जोडी, पुढच्या रकान्यात,
७.०५ पर्यंत व्यस्त.