पत्ता : कंपू, लष्कर

ऋजुतानं तंबू घरपोच मागवला होता, दोन हजार नऊशेचा,
आणि आसन नदीच्या वर, पहाडगढच्या पुढे,
ऊन कलल्यावर कळलं
की आम्हा तिघांपैकी एकालाही तो उभारता येत नाही.

हेरंबदादा हसत सुटला. अगं, पत्ता बघ आपला :
कंपू, लष्कर, ग्वाल्हेर.
पलीकडे शिंदे की छावणी.
चार दिवसांचा मुक्काम म्हणून खुंट्या ठोकल्या पूर्वजांनी,
दोनशे वर्षं झाली, कुणी उपटल्या नाहीत.
कनातींच्या भिंती झाल्या, भिंतींवर विजेचे मीटर आले,
मीटरमागे चिमण्या.
आता दोरी कुठे ओढायची हे कुणाला विचारणार?

सकाळी नूराबादचा पूल ओलांडला तेव्हा थंडी होती.
जौऱ्याला गजक घेतली, ती कैलारसपर्यंत पुरली नाही.
मग जमीन फाटायला लागली.
आधी रस्त्याकडेला एक चीर, बोटभर,
मग बैल मावेल एवढी,
मग गाव मावेल एवढी,
आणि तळाशी विलायती बाभूळ, धुळीनं पांढरी.
मी मराठीत शब्द शोधत बसले.
घळ लहान पडली. दरीत फार पाणी होतं.
आमच्या घरात बीहडाला बीहडच म्हणतात.

रामबरन पुढे चालला, चपला हातात घेऊन.
लिखी छाज, तो म्हणाला.
इथे चित्रं काढलेली नसतात. लिहिलेली असतात.
हात लावायचा नाही.

खडकाच्या छपराखाली गेरू :
शिकाऱ्यांपेक्षा मोठा बैल,
पोटात रेघाच रेघा असलेलं हरीण,
एक हत्ती, बहुधा लहान मुलानं काढलेला,
आणि हातात हात धरून उभी माणसं.
शेवटच्याचा मोकळा हात जिथे पोचतो
तिथला खडक गळून पडलाय.

दादा चष्मा कपाळावर चढवून ओठांत मोजत होता.
दोन जनगणना केल्यात त्यानं, मास्तर असताना,
गेरूचा डबा आणि कुंचला घेऊन दारोदार,
चौकटींवर आकडे घालत.
सतरा, तो म्हणाला. कुटुंबप्रमुख कोण?
रामबरननं प्रश्न मनावर घेतला. बराच वेळ पाहून म्हणाला,
जो सगळ्यांत थकलेला दिसतो, तो.

ऋजुता फोटो काढत होती.
दादा बोलला ते आम्हाला नाही, खडकाला :
एक्क्याण्णव साली याच तहसिलीत
एक पुरा होता, खाली, बीहडात.
मी उतरलोच नाही. घाबरलो.
सरपंचाच्या खाटेवर बसून तक्ता भरला.
अंदाजे चाळीस.
नावंसुद्धा मीच घातली.

कोणता पुरा?
छीतर का पुरा.
रामबरननं नुसती हनुवटी हलवली, उत्तरेकडे.
त्या टेकाडावर होता.
आता टेकाडही नाही.

तंबू शेवटी त्यानंच उभा केला,
खुंट्यांच्या जागी धोंडे ठेवून.
या मातीत खुंटी धरत नाही, म्हणाला,
एकच कशीबशी रुतली, बाभळीच्या मुळाशी.
रात्री कोल्हे ओरडत होते.
ऋजुता फोन छातीवर ठेवून झोपली होती.
कापडाच्या पलीकडून, की अलीकडून,
दादाचा आवाज येत होता, पाढे म्हटल्यासारखा :
सुखदेई, वय तीस.
भोगीराम, वय सहा.
लज्जावती. लज्जावती. वय आठवत नाही.

पहाटे दव इतकं की तंबू दुप्पट जड.
घडी मूळ पिशवीत काही केल्या मावेना.
ऋजुतानं खुंट्या मोजल्या. सात.
आठवी मुळाशी अडकलेली, निघेना.
तिनं ओढली, मी ओढली,
रामबरन विळा आणायला निघाला.
राहू दे, दादा म्हणाला गाडीत बसत,
अंदाजे आठ लिही.