दगड उचलण्याआधी

वादी म्हणजे इथे कोरडी नदी.
मी फोनवर सांगितलं, घरी वाडी ऐकू गेलं.
भाऊ म्हणाला, किती उंबरे?
एकही नाही. दगड आहेत,
हिरवट काळे, कधीकाळी समुद्राचा तळ होते म्हणे,
आता सुमाईलच्या उन्हात डोंगर होऊन बसलेत.

माझं काम भोक पाडायचं.
पेट्रोलवरचं हातयंत्र, हिऱ्याच्या दातांचं पातं,
पाणी थांबलं की पातं जळतं.
बोटाएवढी कांडी निघते दगडाची.
पण ती मोडून घ्यायच्या आधी
मिहोबाई पितळी नळी आत सरकवतात,
सूर्याची सावली मोजतात, घड्याळ बघतात,
मग पितळी तारेने कांडीवर एक रेघ.
रेघेशिवाय हात लावायचा नाही.
होकायंत्राचं इथे चालत नाही,
खडकातच लोह, काटा पिसाळतो.
खल्फान ड्रायव्हरने फोन त्या खडकावर ठेवला
की किब्ला भलतीकडे दाखवतो.
तो हसतो, फोन खिशात टाकतो
आणि सावली बघून चटई अंथरतो.

खजूर खाताना बाई समजावतात,
अर्ध्या हिंदीत, अर्ध्या हातांनी.
पृथ्वीच्या पोटात लोखंड ढवळत असतं,
त्यातून उत्तर दिशा निघते.
आणि कधीतरी ती उत्तर उठून दक्षिणेला जाते.
कितीदा?
शेकडोदा. नेम नाही.
एकदा पावणेचार कोटी वर्षं जागची हलली नाही,
हा खडक त्या गप्प काळातला.
शेवटची फिरली पावणेआठ लाख वर्षांपूर्वी,
फिरता फिरता हजारो वर्षं गेली.
कुणाला कळलं असेल?
बाईंनी समुद्राकडे हात केला: कासवांना, कदाचित.

खडक निवताना जी उत्तर असते
ती तो मुठीत धरून ठेवतो.
तुमच्याकडचा काळा दगड, बाई म्हणाल्या,
बराचसा उलट्या काळातला.

मी घास खाली ठेवला.
ज्या दगडावर माझ्या बापाने, तिमण्णाने,
चाळीस वर्षं सुतकी चालवली
तो आतून दक्षिणेला उत्तर म्हणत होता
आणि आम्ही त्याच्या पायऱ्या केल्या, जाती केली, खांब केले.

कॅम्पच्या स्वयंपाकघरात बापाने घडवलेला खल आहे,
लसूण ठेचायला आणलेला, विमानात वजन भरलं त्याचं.
तो उचलून बाईंपुढे ठेवला. मोजा.
त्यांनी फिरवून बघितला, बुड बघितलं.
रेघ कुठाय?
याला सगळं आठवतंय, त्या म्हणाल्या,
पण खाणीत कसा होता, कुठली बाजू वर,
कुणी लिहिलं नाही.
ते उत्तर आत आहे.
ती उत्तर गेली.

रात्री खाटेवर पडलो.
आठ खाटा, माझं डोकं उत्तरेला.
घरी असं झोपू देत नाहीत, मढं ठेवतात तसं.
पहिल्या महिन्यात उशी पायथ्याशी नेऊन पाहिली,
तिकडे एसीचं पाणी ठिबकतं.
तेव्हापासून मनाला सांगतो,
पावणेआठ लाख वर्षांपूर्वी हीच दक्षिण होती, झोप.

झोप नाही आली. बापाला फोन लावला.
त्या खलाचा दगड खाणीत कसा होता?
पलीकडे खोकला. मग बराच वेळ काहीच नाही,
मला वाटलं रेंज गेली.
तोंड केलंय न्हवं, म्हणाला,
ते तोंड खाली हुतं. उपडा पडल्याला.
अन् जिथं टवका उडालाय
तिकडं पाण्याचा हौद हुता,
तुझी आय तिथं बसायची.
हौद कुठल्या दिशेला, आप्पा?
हौद हौदाच्या दिशेला. दिशा कसली इचारतूस.

सकाळी बाईंनी खल उपडा घातला,
टवक्यापासून बुडावर पितळी तार ओढली,
वहीत लिहिलं: तिमण्णा, खाण, हौद.
आणि रेघेच्या टोकाशी, बारीक,
एक प्रश्नचिन्ह.