कलम सात

मनामात आज कलम सातवर चर्चा.
एकतीस देशांचे झेंडे, घडीच्या रेघा अजून अंगावर,
काचेमागे मी,
बोटांखाली दोनशे चार माइक.
तीन मिनिटं झाली की दिवा आपोआप तांबडा होतो.
वीस सेकंद मी पदरचे देतो, माणुसकी म्हणून,
मग आवाज तोडतो.
मोठमोठ्या लोकांचे ओठ हलतच राहतात थोडा वेळ,
जगबुडीतून नुकत्याच काढलेल्या बोयांसारखे.

वंश, वर्ण, लिंग, धर्म, भाषा
यांवर कुणाचीच हरकत नाही.
सकाळपासून घोडं अडलंय ते एका 'राष्ट्रीयत्वा'वर.
एकजण म्हणाले, तो शब्द तूर्त कंसात टाकू.
मागच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या,
कंसात टाकणं म्हणजे माळ्यावर टाकणं.
तिसऱ्यांना तत्त्वतः सगळं मान्य,
फक्त 'शक्य तेवढ्या लवकर' एवढं जोडा.
ताकाला आलेत सगळे,
भांडं कुणाच्याच हातात दिसत नाही.

शेजारच्या खोक्यात लुब्ना, बैरूतची, दुभाषी.
बोलणारा 'मी' म्हणतो, तीही 'मी' म्हणते.
मी ठाम विरोध करतो. मी पाठिंबा देतो. मी खेद व्यक्त करतो.
मधल्या सुट्टीत चहा फुंकत म्हणाली,
दिवसाचे चारशे 'मी' होतात, परकार,
त्यातला एकही माझा नाही.

आणि डेक्लन. कॉर्कचा.
तीच खुर्ची, तीच बटणं, तीच पाळी.
मला तीनशे दहा दिनार, त्याला अकराशे.
माणूस वाईट नाही.
पगाराची चिठ्ठी त्यानेच दाखवली मला,
नि मग दोन दिवस नजरेला नजर देईना.
आता हेडफोनमध्ये कुणीतरी गरजलं,
समान कामाला समान मोल,
मीटरची सुई तांबड्यात गेली,
आणि डेक्लन
आधीच गुंडाळलेली केबल सोडून
पुन्हा गुंडाळायला लागला.

मला राग यायला हवा होता.
आठवली ती मोठी फुफू.
पडवीच्या पायरीवरून
मोळी टाकून दमलेल्या भागीच्या ओंजळीत
पाणी ओतणारी.
तांब्या उंच, इतका उंच
की धार मध्येच तुटायची
आणि निम्मं पाणी भागीच्या कोपरांवरून मातीत.
फुफू भागीच्या पोराबाळांची चौकशी करायची, अगदी मनापासून.
मी आठ वर्षांचा.
तांब्या भरून मीच आणायचो.

आमच्याकडे कलम म्हणजे आंब्याचं.
रायवळाच्या खुंटाला हापूसची काडी,
वर सुतळी, वर शेण.
बांधणारे बांधून जातात.
तिने जीव धरला की नुसतीच हिरवी राहिली
हे कळायला दिवस लागतात,
आणि रोज उकलून बघितलं तर मरते.
इथे मात्र रोज उकलून बघतात,
आणि संध्याकाळी, सर्वानुमते, पुढच्या अधिवेशनासाठी
पुन्हा बांधून ठेवतात.

सभागृह रिकामं झालं.
पाण्याच्या बाटल्या अर्ध्या, टोपणं नीट लावलेली.
सफाईवाले आले.
उद्यासाठी मला सगळे चॅनल तपासायचे होते,
मी काचेवर टकटक केली,
लोकबहादुर, त्या माइकवर बोल काहीतरी.

तो खुर्चीवर बसला नाही.
बादली बाजूला ठेवली, वाकला,
आणि म्हणाला : लोकबहादुर थापामगर,
बापाचं नाव, जिल्हा प्युठान,
कंपनीचा नंबर चार सहा एक सात.
कॅम्पच्या फाटकावर सांगतात तसं, एका दमात.

अकरा सेकंद.

मी हात केला, बोल, अजून वेळ आहे.
तो उभा राहिला. बोट माझं बटणावर नव्हतं.
चारही भाषांच्या वाहिन्यांतून
एसीची घरघर गेली, आणि एक श्वास,
कुणाचा, ते सांगता येणार नाही.

दिवा तांबडा झाला तसा तो दचकून मागे सरला.
मग खांद्यावरचं फडकं काढून
जिथे बोलला होता
तेवढी जागा त्याने पुसली.